आवक क्रमांक नसलेले अर्ज

करमाडच्या एखाद्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीसंबंधी सरकारजवळ काही मागावयाचे असले, तर त्याला अर्ज लिहावा लागतो. तो अर्ज घेऊन तो तहसील कचेरीत किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो. तेथील कारकून त्यावर शिक्का उठवितो, आवक नोंदवहीत त्याची नोंद करतो आणि दुसऱ्या प्रतीवर क्रमांक घालून पोच देतो. अर्ज मंजूर होईल की धूळ खात पडेल, हा पुढचा प्रश्न झाला. पण अमुक दिवशी अमुक माणसाने अमुक गोष्ट मागितली, एवढे तरी सरकारच्या दप्तरात लिहिले जाते. आता याच राज्यातील दुसरा अर्जदार पाहावा. एखाद्या मोठ्या कंपनीला, व्यापारी मंडळाला वा बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेला नियमातील एक कलम बदलून हवे असते, कराची सवलत हवी असते, आराखड्यातील एका भूखंडाचा रंग पालटावयास हवा असतो. तिचा प्रतिनिधी मंत्र्यांच्या दालनात जातो, क्वचित बंगल्यावर जातो, सचिवांबरोबर भोजन घेतो. त्याच्याही तोंडी अर्जच असतो; परंतु त्या अर्जाला आवक क्रमांक नसतो. तीन महिन्यांनी नियम बदलतो, राजपत्रात अधिसूचना येते, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून आली हे ज्यांच्यावर ती लागू होते त्यांना कधीही कळत नाही.

आमच्या लोकशाहीत दुर्बळाची मागणी कागदावर राहते आणि प्रबळाची मागणी हवेत विरून जाते. या विषमतेकडे लक्ष वेधण्यासाठी हा लेख आम्ही पहिल्या पानावर देत आहोत.

करमाडचे नाव आम्ही सहज घेतलेले नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस जालना रस्त्यावर वसलेल्या या गावाच्या परिसरात गेल्या दीड दशकात जेवढे सरकारी निर्णय येऊन कोसळले, तेवढे मराठवाड्यातील फार थोड्या गावांच्या वाट्याला आले असतील. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठी शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकर जमिनीवर ‘ऑरिक’ ही उद्योगनगरी उभी राहत आहे. तिच्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीत ५१ टक्के वाटा महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा व ४९ टक्के केंद्राच्या न्यासाचा आहे, आणि नगररचनेचे अधिकारही तिच्याच हाती आहेत. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ‘ऑरिक हॉल’चे उद्घाटन झाले, ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. उद्योग यावेत, मराठवाड्यातील तरुणांच्या हाताला काम मिळावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु अशा नगरीत भूखंडाचा दर, पाण्याचा वाटा, विजेच्या शुल्कातील सूट, सामूहिक प्रोत्साहन योजनेतील सवलती, जमिनीच्या वापरातील बदल असे शेकडो निर्णय घेतले जातात. आणि प्रत्येक निर्णयामागे कोणीतरी काहीतरी मागितलेले असते. येथे काही काळेबेरे घडले असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आमचे म्हणणे एवढेच की, तसे घडले नाही हे दाखवून देण्याचे साधनही आज सरकारजवळ नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याच्या दृष्टीने याहून अन्यायाची गोष्ट कोणती?

सत्तेजवळ आपले गाऱ्हाणे नेणे, दुसऱ्यासाठी रदबदली करणे, हे पाप नव्हे. राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने दिलेल्या भाषण व संघटना स्वातंत्र्याचा तो भाग आहे. कामगार संघ ते करतात, शिक्षक संघटना करतात, ऊस उत्पादक करतात, आणि उद्योगपतींनीही करावे. कायदा करणाऱ्याला प्रत्येक धंद्याची खाचखोच माहीत असणे शक्य नसते. ती सांगणारा कोणी हवाच असतो. पूर्वीच्या दरबारांतही वकील असत. निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील होते आणि ते कोणाच्या वतीने बोलतात हे त्या दरबारात कोणापासून लपलेले नव्हते. आजच्या वकिलांचे दुखणे हे की, ते कधी सल्लागार म्हणून येतात, कधी जनसंपर्क अधिकारी म्हणून, कधी निवृत्त सनदी अधिकारी म्हणून, तर कधी केवळ जुने स्नेही म्हणून. आणि ते कोणाचे वकील आहेत हे विचारण्याची सोय कायद्याने कोठेही केलेली नाही.

हा प्रश्न काल-परवाचा नाही. प्रजासत्ताकाला दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हाच तो मुंबईने देशापुढे उभा केला होता. हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सराफ बाजारातील संघटनेकडून, बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून, पैसे घेऊन तिच्या हिताचे प्रश्न सभागृहात विचारले, असा ठपका चौकशी समितीने ठेवला. तिच्या नेमणुकीचा ठराव स्वतः पंतप्रधान नेहरूंनी मांडला होता. सप्टेंबर १९५१ मध्ये हकालपट्टीचा निर्णय होण्यापूर्वीच मुदगल यांनी राजीनामा दिला. पुढे २००५ च्या डिसेंबरात प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून संसदेने ११ सदस्यांना काढून टाकले. दोन्ही वेळा शिक्षा झाली ती घेणाऱ्या सदस्याला. देणाऱ्याने आपली मागणी उघड नोंदवावी, असा नियम करण्याचे मात्र दोन्ही वेळा राहून गेले.

पैशाची गोष्टही अशीच झाली. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करण्याची परवानगी मुंबई उच्च न्यायालयाकडे मागितली. मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी कायद्यात मनाई नाही म्हणून ती नाकारली नाही. पण या प्रथेने लोकशाहीचा गळा घोटला जाण्याचा धोका आहे, हे त्यांनी अत्यंत अस्वस्थ मनाने नमूद केले आणि संसदेने या गोष्टीचा विचार करावा असे सुचविले. १९६० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन देणग्यांवर मर्यादा आली आणि रक्कम व पक्षाचे नाव नफा-तोटा पत्रकात दाखविणे बंधनकारक झाले. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. २०१७ मध्ये मर्यादाही गेली, नाव सांगण्याचे बंधनही गेले आणि निवडणूक रोख्यांचा बुरखा आला. अखेर १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो बुरखा फाडला, आणि सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपयांचे रोखे कोणी घेतले व कोणत्या पक्षांनी वटविले हे देशाला वाचावयास मिळाले. ही मोठी गोष्ट झाली. परंतु त्या याद्यांनी अर्धेच सत्य सांगितले. कोणी किती दिले हे कळले; कोणी काय मागितले हे कळले नाही. देणगीची यादी आणि मागणीची यादी शेजारी शेजारी ठेवता येत नाहीत, तोपर्यंत संशयालाही अंत नाही आणि निर्दोषत्वालाही पुरावा नाही.

याहून लाजिरवाणी एक गोष्ट आहे. आमच्या सरकारांजवळ आणि आमच्या बाजारपेठेसाठी कोणी किती पैसा खर्चिला, हे आम्हांला कळते ते वॉशिंग्टनहून! गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पासाठी एन्रॉन कंपनीने डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाशी करार केला. त्यानंतर, जानेवारी १९९५ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे त्या कंपनीच्या एका अधिकाऱ्याने साक्ष दिली की, प्रकल्पखर्च वगळून सुमारे २ कोटी डॉलर निव्वळ ‘शिक्षणा’वर आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर खर्च झाले. हे शिक्षण कोणाचे झाले, कोणत्या विषयात झाले, विद्यार्थी कोण होते, यावर महाराष्ट्रात वर्षानुवर्षे वाद झाले. ती लाच नव्हती असे कंपनी सांगत राहिली, आणि तसे असेलही. परंतु मंत्रालयातील एकाही नोंदवहीतून त्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याजोगे नव्हते. ऑगस्ट १९९५ मध्ये करार मोडला, पुन्हा नव्याने जुळला, २००१ मध्ये वीजनिर्मिती थांबली, आणि त्याच वर्षी माधव गोडबोले समितीने या व्यवहारातील कारभाराचे वाभाडे काढले. किंमत चुकविली ती वीज मंडळाने, म्हणजे तुम्ही-आम्ही.

२०१२ च्या डिसेंबरात तोच प्रकार. वॉलमार्ट कंपनीने २००८ पासून रदबदलीवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केल्याचे आणि भारतीय बाजारपेठेत प्रवेश हा तिच्या विषयांपैकी एक असल्याचे अमेरिकन सिनेटच्या दप्तरातील तिच्याच विवरणपत्रांतून बाहेर आले. हा खर्च अमेरिकेतील लोकप्रतिनिधींजवळ केलेल्या रदबदलीचा होता, हे खरे. पण त्यावरून आमच्या संसदेत गदारोळ झाला, जानेवारी २०१३ मध्ये निवृत्त मुख्य न्यायाधीश मुकुल मुदगल यांची समिती नेमली गेली आणि तिला भारतात काय घडले याविषयी निश्चित निष्कर्ष काढता आला नाही. नोंदच नसेल तेथे समिती तरी काय वाचणार? नोव्हेंबर २०१० मध्ये नीरा राडिया यांची ध्वनिमुद्रित संभाषणे प्रसिद्ध झाली, तेव्हाही हाच अनुभव आला. त्यातून गुन्हा निघत नाही, असे २०२२ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. परंतु जे गुन्हा नाही ते सारेच जनतेपासून लपविण्याजोगे असते, असे थोडेच आहे? चोरून ऐकलेल्या दूरध्वनीतून जे कळावे लागले, ते नोंदवहीतून सन्मानाने कळावयास हवे होते.

उघडकीने काय साधते याचा दाखला पाहिजे असेल, तर मे २०२० आठवावा. टाळेबंदीत अडकलेले परप्रांतीय मजूर घरी जाण्यासाठी धडपडत होते. ५ मे रोजी कर्नाटकात बांधकाम व्यावसायिकांच्या प्रतिनिधींची मुख्यमंत्र्यांशी बैठक झाली, आणि त्याच दिवशी राज्याने रेल्वेला कळविले की, ६ मेपासून मजुरांच्या गाड्या नकोत. बैठक झाकली गेली नव्हती, म्हणून जनतेने दोन गोष्टी जोडून पाहिल्या. देशभर संताप उसळला, आणि दोन-तीन दिवसांत सरकारला निर्णय फिरवावा लागला. तीच बैठक गुपचूप झाली असती तर?

त्याच सप्ताहात, ८ मेच्या पहाटे, करमाडजवळ सटाणा शिवारात लोहमार्गावर थकून निजलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली आणि १६ जण ठार झाले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे, मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे जाण्यासाठी भुसावळच्या दिशेने पायी निघालेले ते लोक होते. त्याच ८ मे रोजी मालकांच्या संघटनांनी केंद्रीय श्रममंत्र्यांशी दूरदृश्य बैठकीत बोलून कामाचे तास १२ करावेत, कामगार कायदे दोन-तीन वर्षे स्थगित ठेवावेत, अशा मागण्या केल्या. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. तो जोडणे अन्यायाचे होईल. परंतु कोणाची मागणी मंत्र्यांच्या कानी पोहोचते आणि कोणाची लोहमार्गावर संपते, हे त्या एका तारखेने जितके स्पष्ट दाखविले तितके दुसऱ्या कशाने दाखविले नाही. दुर्बळाला मंत्र्यांच्या दालनात खुर्ची मिळवून देणे कायद्याला कदाचित साधणार नाही. पण त्या खुर्चीवर कोण बसून गेले हे त्याला सांगणे तरी साधेल.

मग कायदा का होत नाही? प्रयत्न झाला नाही असे नाही. २०१३ मध्ये बिजू जनता दलाचे खासदार कलिकेश नारायण सिंह देव यांनी रदबदलीची माहिती उघड करण्यासंबंधी खासगी विधेयक लोकसभेत मांडले. ते सभागृहाच्या मुदतीबरोबर संपले. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे आणि तीत मोबदला घेऊन केलेल्या सल्लागारीचाही रकाना आहे. लोकसभेत तशी नोंदवही नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील चौथे कलम महत्त्वाची धोरणे ठरविताना सर्व संबद्ध वस्तुस्थिती सरकारने आपण होऊन प्रसिद्ध करावी असे सांगते. पण कोण भेटून गेले ही ‘संबद्ध वस्तुस्थिती’ आहे, असे कोणत्याही कचेरीला आजवर वाटलेले नाही. उलट, व्यापारी गुपित म्हणून आठव्या कलमाचा आडोसा आहेच. आणि २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने त्याच कलमातील व्यक्तिगत माहितीचा अपवाद अधिक रुंद केला आहे. उद्या एखाद्याने मंत्र्यांना भेटलेल्यांची यादी मागितली, तर ती माहिती ‘व्यक्तिगत’ म्हणून नाकारली जाणे अवघड नाही. म्हणूनच ही माहिती सार्वजनिक आहे असे कायद्याने स्पष्ट शब्दांत सांगण्याची निकड वाढली आहे.

परदेशांचे अनुभव आमच्यापुढे आहेत, आणि त्यांतील चुकाही आहेत. अमेरिकेने १९४६ मध्ये पहिला कायदा केला. तो इतका फटीचा निघाला की १९९५ मध्ये नवा करावा लागला, आणि २००७ मध्ये तोही कडक करून दर तिमाहीला विवरण मागावे लागले. तरीही आपल्या वेळेचा पाचवा हिस्सा रदबदलीत गेला नाही असे दाखवून पुष्कळजण नोंदणीतून निसटतात. ब्रिटनने २०१४ मध्ये कायदा केला, पण तो केवळ दुसऱ्यासाठी काम करणाऱ्या सल्लागारांना लागू केला. कंपनीचा स्वतःचा नोकर मोकळा राहिला. परिणाम असा की, माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी २०२० मध्ये ग्रीनसिल कंपनीसाठी मंत्र्यांना गळ घातली, आणि त्यांना नोंदवहीत नाव घालण्याचीही गरज पडली नाही. कॅनडात उच्चपदस्थांशी झालेल्या ठरीव भेटीगाठींची माहिती दर महिन्याला द्यावी लागते. आयर्लंडमध्ये १ सप्टेंबर २०१५ पासून लागू असलेला कायदा आम्हांला सर्वांत अनुकरणीय वाटतो. तेथे वर्षातून तीनदा विवरण भरावे लागते. कोणाला भेटलो, कोणत्या विषयावर, आणि काय व्हावे अशी अपेक्षा होती, हे त्यात लिहावे लागते. विशेष म्हणजे, लहान मालकांना सूट असली तरी जमिनीच्या विकासासंबंधी व वापरबदलासंबंधी रदबदली करणारा कोणीही, स्वतःच्या राहत्या घराचा प्रश्न सोडून, त्या कायद्यातून सुटत नाही. जमिनीच्या किमतीत एका सहीने दहापट फरक पडतो, हे आयर्लंडला जितके ठाऊक आहे तितकेच शेंद्रा-बिडकीनला ठाऊक आहे.

आक्षेप काय घेतले जातात? पहिला आक्षेप असा की, नोंदीच्या धाकाने लहान संस्था सरकारजवळ जाणेच सोडतील. त्यावर उपाय सोपा आहे: नोंदीचा भार मागणाऱ्यावर नव्हे, तर प्रथम ऐकणाऱ्यावर टाकावा. मंत्र्यांचा स्वीय सहायक भेटीची वेळ लिहूनच ठेवतो. ती वही प्रसिद्ध करावयाची आहे, एवढेच. दुसरा आक्षेप असा की, गुंतवणुकीची बोलणी उघड झाली तर उद्योग शेजारच्या राज्यात जातील. या म्हणण्यात काही तथ्य आहे. म्हणून अशा बोलण्यांची नोंद तत्काळ करून, ती करार झाल्यानंतर किंवा ठरावीक मुदतीनंतर प्रसिद्ध करावी. परंतु नोंदच न करणे आणि नोंद उशिरा उघड करणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तिसरा आक्षेप सर्वांत चतुर आहे. खरा व्यवहार रात्रीच्या अंधारात चालतो, मग दिवसाच्या नोंदवहीचा काय उपयोग? पण नोंद ठेवणे हे कर्तव्य ठरले, की नोंद न ठेवता झालेली भेट हाच दोष ठरतो. आज अंधारातली भेट सिद्ध झाली तरी ती कोणताही नियम मोडत नाही.

दिल्लीची वाट न पाहता महाराष्ट्राला पुष्कळ करता येईल. माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राने २००५ मध्ये केला, महाराष्ट्राचा त्याआधीच आला होता; लोकायुक्ताची संस्था प्रत्यक्ष उभारणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य होते. त्याच परंपरेला साजेल असा कायदा राज्याने विधिमंडळापुढे आणावा. मंत्री, सचिव, जिल्हाधिकारी, औद्योगिक महामंडळ आणि नियोजन प्राधिकरणे यांनी बाहेरच्या व्यक्तींशी झालेल्या कामकाजाच्या भेटींची नोंद दर महिन्याला मराठीतून प्रसिद्ध करावी. तीत भेटणाऱ्याचे नाव, तो कोणाच्या वतीने आला आणि त्याने काय मागितले, हे तीन रकाने असावेत. सल्लागार, कंपनीचे नोकर आणि व्यापारी संघटना यांत भेद करू नये. लेखी निवेदने नस्तीतच राहावीत, आणि निर्णयाच्या अधिसूचनेबरोबर ती वाचावयास मिळावीत. सनदी अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर खासगी नोकरीसाठी जी वर्षभराची आडकाठी आहे, ती वाढवावी आणि माजी मंत्र्यांनाही लावावी. नोंदवहीवर देखरेख सरकारी खात्याची नव्हे, तर लोकायुक्तासारख्या स्वायत्त यंत्रणेची असावी, आणि खोटी नोंद करणाऱ्याला दंड असावा.

या सूचनांना फार मोठा खर्च लागणार नाही. लागेल ती राजकीय इच्छा. ती आपोआप उत्पन्न होत नाही, हे आम्ही जाणतो. सुशिक्षित नागरवर्गाने आपल्या आमदाराला पत्र लिहून हा एकच प्रश्न विचारावा: भेटीगाठींची नोंद प्रसिद्ध करण्याला आपला पाठिंबा आहे की विरोध? पत्राची पोच मात्र आवर्जून मागावी. करमाडच्या शेतकऱ्याच्या अर्जावर जो शिक्का उठतो, तोच शिक्का राज्यातील सर्वांत श्रीमंत अर्जदाराच्या मागणीवरही उठेल, त्या दिवशी कायद्यापुढील समानतेला निदान सरकारी कचेरीच्या उंबरठ्यावर तरी अर्थ आला असे म्हणता येईल.